सोनडोळ्यांचा रम्या

रम्या, तू झोपलायस असं वाटलं सगळ्यांना. अजून माझ्या डोक्यात हे शिरत नाही. कंपनीची बस रांजणगावच्या गेटवर थांबली, पहिल्या पाळीची माणसं डबे उचलून उतरली आणि तू खिडकीला डोकं टेकून तसाच. तुझ्या शेजारी रोज बसणारा तो बिहारचा वेल्डर दशक्रियेला आला होता. रडत रडत मला म्हणाला, "दीदी, मैंने बोला, उठो रमेश भाई, गेट आ गया." मग त्यानं तुझी बाही ओढली. आपल्या गावचाच ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "राहू दे त्याला. सोनडोळ्याला दुसऱ्या पाळीला उतरवू." सगळी बस हसली रे. तू रोज झोपायचास, म्हणून हसली.

आणि मी? मी दौंडला शाळेत, पोरांची प्रार्थना नुकतीच संपलेली. तुझ्या बायकोचा, सुरेखाचा फोन आला. "आक्का, ह्यांना उठवत्यात, उठंनात." तुझी मोठी बहीण काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "तोंडावर पाणी मारा म्हणावं त्या आळशाच्या." फोन ठेवला आणि रांगेत ढकलाढकली करणाऱ्या पोरांवर ओरडले. पुन्हा फोन वाजला तेव्हा तिचा आवाजच नव्हता, नुसता श्वास येत होता. तेवढ्यावरून मला कळलं.

तू माझ्याहून सात वर्षांनी लहान. पोटाला चिमटा घेतला तरी चरबी हाताला लागायची नाही असा काटकुळा. दारू नाही, तंबाखू नाही, साखर नाही, गावच्या तालमीत अजून दंड मारायचास. कंपनीच्या तपासणीत दरवर्षी फिट. आणि मला शिकवायचास, "आक्का, तूप कमी कर, जिना चढताना रेल्वे इंजिनासारखी धापतीस. तू माझ्या आधी जाशील, सांगून ठेवतो." असं सांगून ठेवून स्वतःच जातं का कुणी?

एकदम गेलास म्हणून पोस्टमार्टम करावं लागलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आपलं निम्मं गाव, निम्मं केंदूर जमलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कोवळी पोरगी, मला वाटलं नर्स असेल. विचारलं, "यांचं रक्ताचं कोण आहे?" मी पुढं झाले. त्यांनी कागद दिला नाही, सही मागितली नाही. नुसत्या माझ्या डोळ्यांकडं बघत राहिल्या. म्हटलं, रडून सुजलेत म्हणून बघत असतील. मग माझा हात धरला, बाही वर सारली आणि कोपरावर अंगठा फिरवला.

"तुम्हाला या गाठी नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले, "मला आल्याच नाहीत." आणि रम्या, तू आत टेबलावर होतास तरी माझ्या तोंडून ते लहानपणीच्याच कुरकुरीनं निघालं.

तुला तर सांगायला नकोच, पण एकदा नीट आठव. आपल्याला गावात सोनडोळे म्हणायचे. आप्पांच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर जाड डाग. आत्याला तसेच, चुलत्यांना तसेच. आप्पांच्या कोपरावर लिंबोळीएवढ्या गाठी होत्या. दुखायच्या नाहीत. आपण मांडीवर बसून त्या दाबत बसायचो आणि आप्पा बसू द्यायचे. टाचेच्या वरची शीर दोरखंडासारखी जाड. देवानं या घराला सोन्याचा टाक दिलाय, असं आत्या सांगायची. गावात कुणी भेटलं की आधी डोळ्यांकडं बघून विचारायचं, सोनडोळ्यांचा का रे तू? बारशाला पाळण्यातल्या पोराच्या पापण्यांना आत्यानं हळदीचं बोट लावायचं, म्हणजे मोठेपणी खूण उठते. दुसऱ्या कुणाच्या घरात ही पद्धत मी पाहिली नाही. तुझ्या प्रणालीच्या बारशाला मीच लावली होती. वाजंत्री होती, पेढे होते, आणि तू म्हणाला होतास, "आक्का, चांगली चोळून लाव, हात आखडू नको."

तुझी खूण लवकर उठली. कॉलेजात असतानाच. तू आरशासमोर हटेनास. माझी उठेचना. आत्यानं माझ्या पापण्या हळदीनं इतक्या चोळल्या की आग व्हायची आणि मी सहन करायचे. तू मात्र सगळ्या गावाला सांगत सुटलास, "आक्काला आप्पांनी दौंडच्या फलाटावरून उचलून आणली. रडत बसली होती शेंगदाण्याच्या टोपलीपाशी." पुढं माझं लग्न दौंडच्याच रेल्वेवाल्याशी ठरलं, तर हळदीच्या मांडवात तू नाचत ओरडलास, "जिथनं आनली तिथंच परत पाठवली!" किती हसले होते सगळे. मीसुद्धा हसले, पण मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसले. हेवा वाटायचा मला तुझा. तू दर दिवाळीला कबूल करून घ्यायला बघायचास, "म्हण की, हेवा करते म्हण," आणि मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते. व्हय रे, करायचे हेवा.

त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवलं. स्वतः माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "वडील कसे गेले?"

आप्पा. बांधावरच्या लिंबाखाली पटक्याची उशी करून आडवे झाले होते. दुपारची भाकरी घेऊन तू गेलास. ते झोपलेत म्हणून तू शेजारी बसून राहिलास, माशा वारत. किती वेळ बसलास कुणास ठाऊक. आईनं शेवटी मला पाठवलं, तेव्हा कळलं.

"चुलते?" बाजारात, गवारीच्या पाटीवर कोसळले. "आत्या?" पापड लाटताना. "आजोबा?"

 आजोबा आपण पाहिलेच नव्हते. भिंतीवर फोटो होता, काळ्या मिशांचा. फोटोतला तो आजोबा माझ्याहून तरुण आहे, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

मग मी त्यांना आपल्या सोन्याच्या टाकाचं सांगितलं. म्हणाल्या, ते सोनं नाही, चरबी आहे. रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल, जन्मापासूनच इतकी वाढलेली की ती कातडीखाली साठते, पापणीवर, कोपरावर, टाचेच्या शिरेत. आणि जशी बाहेर साठते तशी आत हृदयाच्या नळ्यांमध्येही साठत जाते. बाहेरची दिसते, आतली दिसत नाही. आईबापाकडून पोराकडं येते, प्रत्येक पोराला येईल की नाही हे अर्ध्याला अर्धं. माणूस जाड की बारीक, तूप खातो की नाही, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. मी वाद घातला. तू मला ओळखतोस, मी तिथंही वाद घातला. म्हटलं, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या पापणीवर असाच डाग आहे, त्यांनी सत्तरी ओलांडली. त्या शांतपणे म्हणाल्या, "नुसत्या डागामागं दरवेळी हे असतंच असं नाही. पण डाग, गाठी, ही शीर आणि घरात असे मृत्यू एकत्र दिसले की रक्त तपासायलाच हवं." मग म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर रोजची गोळी होती."

गोळी होती, रम्या. मेडिकलच्या दुकानात मिळणारी, डोकेदुखीच्या गोळीएवढी गोळी. आप्पा गेले तेव्हा म्हणालो, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. चुलते गेले तेव्हा म्हणालो, दृष्ट लागली. एवढ्या तेराव्यांच्या पंगती उठल्या आपल्या अंगणात आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या पापण्यांवर दिसत होतं. आपण त्याला हळद लावत होतो.

तुझी टाच मला आठवली. कंपनीचा सेफ्टी बूट नेमका त्या शिरेवर चावायचा म्हणून तू बुटाची मागची बाजू ब्लेडनं कापून टाकली होतीस आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली होतीस. मागच्या भाऊबीजेला पाय पसरून बसला होतास, तेव्हा मी म्हटलं, "ही सूज कुणाला तरी दाखव." तू माझ्या ताटातली करंजी उचललीस आणि म्हणालास, "सूज न्हाई ही, इस्टेट हाय. रानात तुझा वाटा निम्मा, ह्यात काय न्हाई. फलाटावरच्या पोरीला कसला वाटा?" मी तुला पाट फेकून मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग माझी एसटी निघाली आणि ते भांडण तसंच राहिलं. पुढच्या खेपेला उत्तर द्यायचं म्हणून दौंडपर्यंत मी मनात जुळवत होते. चांगलं उत्तर जुळलंही होतं.

दशक्रियेला घाटावर माईक होताच. आपल्याकडं माणूस गेला की कावळ्यापेक्षा माईक आधी येतो. सोसायटीचे आले, निवडणुकीला उभे राहणारे आले, तू किती मनमिळाऊ होतास हे ज्यांनी तुला कधी चहा पाजला नाही त्यांनीही सांगितलं. आणि समोर मांडी घालून आपली सगळी भावकी. मी बायकांतून बघत होते. उन्हात एकेकाच्या पापण्या चमकत होत्या. चुलतभाऊ नानांच्या, त्यांच्या पोराच्या, त्या कोपऱ्यातल्या नवीन लग्न झालेल्या पुतण्याच्या. मला बसवेना. उठले, पुरुषांमधून चालत गेले आणि माईक हातात घेतला. माझ्या आयुष्यात घाटावर बाई बोललेली मी पाहिली नव्हती.

फार काही बोलले नाही. म्हटलं, माझा भाऊ झोपेत गेला नाही, माझे आप्पा झोपेत गेले नाहीत. ज्यांच्या डोळ्यांवर पिवळं आहे, कोपरावर गाठ आहे, त्यांनी उद्या रक्त तपासा. ते सोनं नाही.

 नाना तरातरा उठले. "बाई, डोकं फिरलंय का तुझं? आज त्याचा दिवस हाय! सोन्यासारख्या घराला रोगी म्हंतीस? आमच्या पोरींच्या सोयरिकी कोन करंल उद्या?" मीही ओरडले, माईकमधूनच. तुझ्या पिंडाला कावळा शिवायच्या आधी तुझ्या बहिणीचं आणि नानांचं भांडण सगळ्या गावानं ऐकलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास. तुझ्याशिवाय ते नुसतं भांडणच राहिलं.

माझं रक्त मी तपासलं. नॉर्मल आलं. तूप खाणारी, जिना चढताना धापणारी मी, नॉर्मल. कागद हातात घेऊन मी लॅबच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. लॅबवाल्याला वाटलं काहीतरी वाईट निघालं. जे आलं नाही म्हणून लहानपणी उशीत तोंड खुपसून रडायचे, ते आलं नाही म्हणून मी पन्नाशीला पोचले. हे कुणाला सांगू? हे ऐकून खोडी काढायला तूच हवा होतास.

आता प्रणालीचं ऐक. त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले.

तेराव्यानंतर मी केंदूरलाच राहिले होते. प्रणाली तुझा तो कापलेला बूट मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. बारावीची पोर, पंधरवड्यात एकदम वाळली. मला बघून सरकली आणि पाय पुढं केला. "आत्या, हात लावून बघ. कॉलेजची चप्पलपन मला इथंच चावती." मी हात लावला. टाचेच्या वर, शिरेवर, कडक दाणा. पोरीच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं. "मलापन आलीय. पप्पांची आलीय मला."

 तुझ्या मरणाचा फोन आला तेव्हाही मी उभी होते. इथं मात्र खाली बसले.

सुरेखा आतून ऐकत होती. बाहेर आली ती हात जोडूनच. "आक्का, पाया पडते. तपासायचं नाव काढू नका. आधीच घाटावर बोललात. बापाविना पोर, त्यात रोगी म्हनून शिक्का बसला तर कोन पदरात घील?" मी म्हटलं, जिवंत राहिली तर पदराची गोष्ट. ती रडायला लागली, मी चिडले, प्रणाली दोघींकडं बघत बूट छातीशी धरून बसली.

तेव्हा आई बोलली. तू गेल्यापासून आई कुणाशी शब्द बोलली नव्हती. तांदूळ निवडत होती, मान वर न करताच म्हणाली, "सुरेखा, ह्या घरात म्हाताऱ्या कोन झालो? मी झाले. माझी सासू झाली. आमी भायेरून आल्याल्या. घरच्या रक्ताचं कुनी म्हातारं झाल्यालं बघितलंस का तू?" मग सूप खाली ठेवलं. "नवरा बघितला, लेक बघितला. आता नात बघायची ताकद न्हाई माझ्यात. उद्या शिरूरला न्या तिला."

किती साधी गोष्ट, रम्या. आपण लहानाचे मोठे झालो आणि आपल्या घरात काठी टेकणारा एक माणूस नव्हता. दुसऱ्यांच्या ओसरीवर खोकत बसलेले आजोबा आपण पाहिले, आणि आपल्याकडं का नाहीत असं कधी विचारलं नाही.

शिरूरला रक्त दिलं. आकडा वाचून तिथल्या डॉक्टरांनी चष्मा काढला. पण म्हणाले, "वेळेवर आलात. गोळी रोज घ्यायची, कायमची. मध्ये सोडायची नाही, लग्नानंतर बाळाचा विचार करायच्या आधी मला येऊन विचारायचं. नीट घेतली तर बाकीच्यांसारखंच जगेल." मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. प्रणालीनं एकच विचारलं. "गोळीनं ही शीर बारीक होईल का?" ते खूश होऊन म्हणाले, "हळूहळू होऊ शकते. काही वर्षांनी कदाचित कळणारही नाही."

एसटी स्टँडसमोर उसाचा रस प्यायला बसलो. गोळ्यांची पट्टी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती बोटानं माझ्याकडं सरकवली.

"मी न्हाई घ्यायची."

मी मास्तरीण. सुरू झाले. काय काय बोलले असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पांचं एवढंच राहिलंय माझ्याकडं. तेपन जाळून टाकू? आत्या, खरं सांग. तुला आली असती, तर तू घालवली असतीस?"

रम्या, वर्गात पोरं अडचणीचं विचारतात तेव्हा मी फळ्याकडं वळते. तिथं फळा नव्हता. समोर तुझेच डोळे, अजून पिवळं न उठलेले. मला खोटं बोलता येईना.

"नसती घालवली," मी म्हटलं. "हळद चोळून डोळ्यांची आग केली मी तिच्यासाठी. पन आली न्हाई. म्हनून म्हातारी व्हायला लागले. आन् तुझा बाप काय म्हनायचा माहितीय? म्हनायचा, आक्का, तू म्हातारी झालीस की तुझा हात धरून दौंडच्या फलाटावर परत सोडून येनार, जिथनं आनली तिथं. पावती घेऊन येनार. आता मला कोन सोडनार, सांग? सगळी गेली. घरात एक मानूस न्हाई माझ्याबरोबरीनं म्हातारं व्हायला."

 रसवाला बघायला लागला. मी पदरानं नाक पुसलं. तुला माहीत आहे मी रडताना किती वाईट दिसते.

 मग तिनं पट्टी ओढून घेतली, एक गोळी काढली, रसाबरोबर गिळली आणि तोंड वाकडं केलं. अगदी तुझ्यासारखं, डाव्या बाजूला. ते कुठल्या गोळीनं जाणारं नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते एक दिवस आरशात दिसेल.

"मी सोडीन तुला फलाटावर," ती म्हणाली. "आन् मग मीपन होते म्हातारी. लई म्हातारी. काठी टेकनारी."

काल रात्रीचं जेवण चुलीवर होतं तेवढ्यात नानांचा फोन आला. घाटावर मला वेडी म्हणाले ते नाना. हळू आवाजात विचारत होते, "बाई, ते रक्त उपाशीपोटी द्यायचं असतंय का खाऊन?" मी म्हटलं, पोरांनाही न्या बरोबर. ते हूं म्हणाले.

आणि रम्या, भाऊबीजेच्या भांडणाचं ते जुळवलेलं उत्तर मी विसरले. आता दुसरं आहे. तुझी पोर सोनडोळ्यांच्या घरातली पहिली म्हातारी होणार आहे, बोळकं होईल तोंडाचं तिच्या. आता तू कर हेवा.